फ्रेंचमधलं 'झालेलं असेल': फ्युत्यूर आंतेर्यर कसा चालवायचा

इंदूरच्या सराफ्यात रोज रात्री हेच चालतं: दागिन्यांची दुकानं बंद होतात आणि त्यांच्यासमोर खाण्याची दुकानं लागतात. उद्याबद्दल बोलायचं तर आपण म्हणू, "सराफांनी दुकानं बंद केली, की खाऊवाले मांडतील." फ्रेंचमध्ये हे वाक्य असं होतं: दे क ले बिजूत्ये ओरों फेर्मे, ले वांदर सँस्तालरों. यातलं 'ओरों फेर्मे' म्हणजे फ्युत्यूर आंतेर्यर, आपला पूर्ण भविष्यकाळ. मराठीत तिथे 'केली' हा साधा भूतकाळ आला आणि कुणाला खटकलं नाही. फ्रेंचमध्ये मात्र दोन्ही कामं अजून व्हायची असतील आणि त्यातलं एक आधी संपणार असेल, तर संपणाऱ्या कामाला हाच काळ लागतो. मराठी माणसाची पहिली चूक हमखास इथे होते.

इथे फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. 'झ' हा 'झेड'मधला समजावा. वहीत मात्र रोमन स्पेलिंगच लिहा, कारण या काळातल्या निम्म्या चुका कानाला कळतच नाहीत.

जोडणी

तुकडे दोनच. आधी सहायक क्रियापदाचा, म्हणजे 'आव्वार' (जवळ असणे) किंवा 'एत्र' (असणे) यांचा साधा भविष्यकाळ आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचं भूतकालवाचक धातुसाधित.

आव्वार: जोरे, त्यू ओरा, इल ओरा, नू झोरों, वू झोरे, इल झोरों.
एत्र: ज सरे, त्यू सरा, इल सरा, नू सरों, वू सरे, इल सरों.

दोन्हींचे शेवट अनुक्रमे सारखेच: ए-आय, ए-एस, ए, ओ-एन-एस, ई-झेड, ओ-एन-टी. 'सरे' दोनदा आणि 'सरों' दोनदा ऐकू येतं, पण स्पेलिंग वेगळं. म्हणून पाठांतर तोंडी नको, लिहून करा.

धातुसाधिताचे नेहमीचे तीन साचे आहेत. 'ई-आर'ने संपणाऱ्या क्रियापदाचा शेवट काढून उजवीकडे चढत्या रेघेचा 'ई' लावा: पार्ले. 'आय-आर'च्या जागी नुसता 'आय': फिनीर, फिनी. 'आर-ई'च्या जागी 'यू': वांद्र, वांद्यू. अनियमित धातुसाधितं पाठच करावी लागतात, पण ती गटांनी घेतली तर हलकी जातात. 'यू'वाली: व्वारचं व्यू, लीरचं ल्यू, ब्वारचं ब्यू, पूव्वारचं प्यू, वनीरचं वन्यू. 'एस'वाली: प्रांद्रचं प्री, मेत्रचं मी. 'टी'वाली: फेरचं फे, दीरचं दी, एक्रीरचं एक्री, उव्रीरचं उवेर. या शेवटच्या दोन गटांतलं 'एस' आणि 'टी' एरवी मुकं असतं. पुढे ते बोलू लागतं, तेव्हा लक्षात ठेवा.

आव्वार की एत्र?

मराठीभाषकाला इथे एक सोपी कसोटी आहे. वाक्य तृतीय पुरुषात आणि भूतकाळात म्हणून बघा. 'मी' आणि 'तू'बरोबर 'ने' दिसत नाही, म्हणून तृतीय पुरुष. 'त्याने' आलं, तर आव्वार: त्याने वाचलं, त्याने आणलं, त्याने लिहिलं. 'तो' आलं, तर मात्र लगेच एत्र घेऊ नका. तो झोपला, तो चालला, तो पळाला, तो विसरला, या सगळ्यांना फ्रेंचमध्ये आव्वारच लागतो. 'तो' आलं की फक्त एत्रवाल्या यादीकडे बघायचं, एवढाच त्याचा अर्थ. ती यादी छोटी आहे: आले, वनीर, आरिवे, पार्तीर, आंत्रे, सोर्तीर, मोंते, देसांद्र, नेत्र, मूरीर, रेस्ते, तोंबे, रतूर्ने, पासे, शिवाय रवनीर, दवनीर, रांत्रे अशी त्यांची भावंडं.

या कसोटीला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. 'स' लागलेली, म्हणजे स्वतःकडे वळणारी क्रियापदं नेहमी एत्र घेतात, मराठीत 'ने' असला तरी. 'त्यानं अंघोळ केली असेल' हे 'इल स सरा लावे' होतं, 'ओरा' कधीच नाही.

आणखी एक जागा. मोंते, देसांद्र, सोर्तीर, रांत्रे, पासे, रतूर्ने यांना थेट कर्म मिळालं की ती आव्वारकडे जातात. मराठी इथे क्रियापदच बदलते: 'उतरला' आणि 'उतरवली'. फ्रेंच क्रियापद तेच ठेवून सहायक बदलते. 'मी उतरलेला असेन' म्हणजे ज सरे देसांद्यू. 'मी बॅग उतरवलेली असेन' म्हणजे जोरे देसांद्यू ला वालीझ. मनात 'उतरवणे, चढवणे, बाहेर काढणे' असं आलं, की आव्वार.

लिंग आणि वचन

या भागाला जास्त वेळ द्या, कारण मराठीची सवय इथे थेट उलटी पडते.

एत्रबरोबर धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं. आई निघाली असेल: मामां सरा पार्ती, स्पेलिंगमध्ये शेवटी एक जादा 'ई'. बायकाच असतील, तर 'ई' आणि 'एस' दोन्ही. गटात एक जरी पुरुष असला, तरी पुल्लिंगी अनेकवचन. आपलं आदरार्थी अनेकवचन इथे दगा देतं. 'बाबा आले असतील' मराठीत अनेकवचनी, पण फ्रेंचमध्ये बाबा एकच: पापा सरा रांत्रे, 'सरों' नव्हे. तसंच 'बाई, तुम्ही पोहोचलेल्या असाल' या वाक्यात 'वू सरे' येईल, पण पुढचं 'आरिवे' एकवचनीच राहील: स्त्रीलिंगाचा 'ई' लावा, 'एस' लावू नका.

आव्वारबरोबर धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतच नाही. कर्माप्रमाणे बदलतं, तेही थेट कर्म आधी येऊन गेलं असेल तरच. मराठीत कर्म कुठेही असो, क्रियापद त्याच्यामागे जातं: 'त्यानं चिठ्ठी लिहिली असेल'. त्यामुळे हात आपोआप स्त्रीलिंगी 'ई' लिहून मोकळा होतो. पण इल ओरा एक्री ला लेत्र, यात चिठ्ठी मागून येते, म्हणून काही जोडायचं नाही. 'त्यानं लिहिलेली चिठ्ठी' असं वाक्य फिरवलं की ला लेत्र किल ओरा एक्रीत. चिठ्ठी आधी आली, 'ई' लागला आणि मुका 'टी' ऐकू आला. तसंच त्यू ओरा प्री ले फोतो, पण ले फोतो क त्यू ओरा प्रीझ. लिहिताना प्रत्येक आव्वारवाल्या वाक्यात स्वतःला एवढंच विचारा: कर्म सहायकाच्या डावीकडे आहे का? नसेल, तर धातुसाधिताला हात लावू नका.

स्वतःकडे वळणाऱ्या क्रियापदांनाही हाच नियम. एल स सरा लावे, तिनं अंघोळ केली असेल: इथे 'ई' लागतो. पण हात धुतले असतील, तर ले मँ (हात) हे कर्म मागून येत असल्यामुळे लागत नाही.

शब्दांच्या जागा

नकाराचे 'न' आणि 'पा' सहायकाला दोन्हीकडून धरतात, धातुसाधित बाहेर राहतं: ज नोरे पा फिनी. 'देजा' सहायक आणि धातुसाधित यांच्या मधे: जोरे देजा मांजे. सर्वनाम सहायकाच्या आधी.

कुठे वापरायचा

कां, लोर्स्क (जेव्हा), दे क, ओसितो क (होताच), यून फ्वा क (एकदा का), आप्रे क (झाल्यानंतर) यांच्यानंतर, मुख्य वाक्य भविष्यात असेल आणि यांच्यापुढचं काम त्याआधी संपणार असेल, तर. मराठीतल्या '-लं की' किंवा '-ल्यावर'शी याची गाठ घाला. दोन्ही गोष्टी बरोबरच घडणार असतील, तर दोन्हीकडे साधा भविष्यकाळ: कां ज सरे आ इंदोर, ज तापेलरे, मी इंदूरला असेन तेव्हा तुला फोन करीन. 'जोपर्यंत झालेलं नाही तोपर्यंत' यासाठी 'तां क': तां क त्यू नोरा पा फिनी, त्यू न सोर्तिरा पा.

ठरलेल्या वेळेआधी काम उरकणार असेल तेव्हाही हाच काळ: आ मिदी, नू झोरों फिनी, दुपारी बारापर्यंत आमचं आटोपलेलं असेल. 'आवां मिदी' (बाराच्या आधी) चालेल, पण 'आवां क'पुढे (अमुक होण्याआधी) हा काळ येत नाही, तिथे स्युब्जोंक्तीफ हा क्रियापदाचा वेगळा अर्थ लागतो.

'सी'पुढे काळजी घ्या. मराठीत 'जर–तर' असेल, तर फ्युत्यूर आंतेर्यर बंद. तिथे पासे कोंपोझे, म्हणजे सहायकाचा वर्तमानकाळ आणि धातुसाधित, वापरा: सी त्यू आ फिनी आ मिदी, नू सोर्तिरों. मराठीत 'की नाही' असेल, तर चालतो: ज न से पा सील ओरा फिनी, त्याचं झालं असेल की नाही कोण जाणे.

अंदाजाच्या वाक्यांसाठी तर आपल्याला काहीच नवीन शिकावं लागत नाही. 'त्याची गाडी चुकली असेल' म्हणजे इल ओरा मांके ल त्रँ. 'विसरला असेल' म्हणजे इल ओरा उब्लिये. मराठीतलं 'असेल' जसं भविष्य सोडून अंदाजाकडे झुकतं, तसंच 'ओरा'ही झुकतं. बोलताना फ्रेंच माणूस बहुधा 'इल आ द्यू उब्लिये' म्हणेल. 'ओरा' वापरलात तर जरा लेखी वाटेल, चूक ठरणार नाही.

तपासताना

'जोरे'च्या शेवटी चुकून 'एस' गेला, तर काळच बदलतो आणि 'झालं असतं' हा अर्थ होतो. उच्चार जवळजवळ सारखा, त्यामुळे कान मदत करत नाही. शंका आली की 'ज'च्या जागी 'नू' घालून वाक्य म्हणा. 'नू झोरों' बसलं, तर 'एस' नको. 'नू झोरियों' म्हणावंसं वाटलं, तर 'एस' हवा.