शस्त्र घेतानाच पुढच्या सपोर्टचं कसं ठरवायचं

रणगाडा असो की विमान, नुसत्या खरेदीच्या किमतीवर जाऊ नका, पुढच्या तीसेक वर्षांचे स्पेअर, ओव्हरहॉल, ट्रेनिंग सगळं धरून खर्च काढा आणि टेंडरमध्येच लिहून घ्या, एकदा सही झाली की कंपनी सांगेल तो भाव. डीएपी २०२० मध्ये, म्हणजे संरक्षण खरेदीच्या सरकारी नियमावलीत, एएमसीपासून (वार्षिक देखभाल करार) परफॉर्मन्स बेस्ड लॉजिस्टिक्सपर्यंत (पीबीएल) पर्याय आहेत, जमेल तिथे पीबीएलच घ्या असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात पैसे उपकरण किती वेळ तयार असतं त्याचे. २०१६ च्या राफेल करारात ३६ विमानांसाठी ७५ टक्के उपलब्धतेची हमी घेतली होती, तसं. पण मोजायचं कसं ते आधी ठरवा, रडार बंद असलेलं विमान उडतंय म्हणून तयार धरायचं का? खडकीच्या ५१२ सारख्या लष्कराच्या बेस वर्कशॉपला (मोठ्या दुरुस्तीचा कारखाना) ड्रॉइंग आणि टेस्ट बेंच वेळेत मिळायलाच हवेत, आणि एखादा पार्ट बनणं बंद होणार असेल तर आगाऊ नोटीस मागा, म्हणजे शेवटची ऑर्डर टाकता येते.