एकच अ‍ॅप रडतंय? केबलवाल्यावर खेकसण्याआधी हे करून बघा

रात्री साडेनऊला ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जेवणं उरकली की सगळ्यांचे टीव्ही एकदम लागतात आणि मग ग्रुपवर सुरू होतं, "नेट गेलं का कुणाचं?" गेल्या पावसाळ्यात मात्र वेगळीच गंमत होती, माझं नेट चालू, व्हॉट्सअ‍ॅप पळतंय, बँकेचं काम होतंय, पण एका ठरावीक व्हिडिओ अ‍ॅपवर ते गोल चक्र फिरत बसायचं. कुणीतरी लिहिलं, हे नेट न्यूट्रॅलिटीचं (म्हणजे नेट कंपनीने सगळ्या साइट-अ‍ॅपना सारखंच वागवायचं, या नियमाचं) उल्लंघन आहे, ट्रायकडे (टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) जाऊया! मीपण जोशात आले. त्यात तीन आठवडे गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

आधी नियम काय आहे ते बघा, नाहीतर कस्टमर केअरवाला तुम्हाला गुंडाळणार. पाण्याची लाइन टाकणाऱ्याने तुम्ही त्या पाण्यात भात शिजवता की गाडी धुता हे बघून प्रेशर कमीजास्त करायचं नाही, एवढीच मूळ गोष्ट आहे. २०१५ मध्ये एअरटेल झीरो आणि फेसबुकचं फ्री बेसिक्स आलं, म्हणजे ठरावीक अ‍ॅप फुकट आणि बाकीच्यांना डेटा लागणार, त्यावर देशभर बोंबाबोंब झाली, लाखो लोकांनी ट्रायला ईमेल टाकले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढला की कुठली साइट वापरता त्यावरून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही, लावला तर दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख दंड. तो झाला पैशांचा भाग. एखादी साइट किंवा अ‍ॅप अडवणं, मुद्दाम स्लो करणं हे २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने कंपन्यांच्या लायसनच्या अटींमध्येच बंद केलं. (अमेरिकेत याचा झोपाळा झालाय, २०१५ ला नियम आणला, २०१७ ला काढायचं ठरलं, २०२४ ला परत आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने उडवला. आपलं त्या मानाने बरं म्हणायचं.)

आता कशाकशावर ओरडून उपयोग नाही तेही ऐका. शेजाऱ्याचा प्लॅन १०० एमबीपीएस स्पीडचा आणि तुमचा ५० चा, हे चालतं. डेटा लिमिट संपल्यावर सगळंच हळू होतं, तेही चालतं, फक्त प्लॅनमध्ये लिहिलेलं हवं. सरकारच्या किंवा कोर्टाच्या आदेशाने साइट बंद असेल तर केबलवाल्याचा दोष नाही. आणि मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपला माल जवळच्या सर्व्हरवर आणून ठेवतात, त्यामुळे तो पटकन येतो, ती व्यवस्था या नियमातून बाहेर ठेवलीय. मला हे पटत नाही, ज्याच्याकडे पैसा त्याचा व्हिडिओ पळणार, पण आहे हे असं आहे.

तर तपासायचं कसं. पहिल्यांदा राउटर चपलांच्या कपाटातून बाहेर काढा, हसू नका, आमच्याकडे तिथेच होता. लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडा, वायफायवर केलेली कुठलीही टेस्ट भांडणात टिकत नाही, "मॅडम तुमची भिंत जाड आहे" हे उत्तर ठरलेलं. मग नेहमीची स्पीडटेस्ट लावा, पण तिच्यावर भाळू नका, कारण बऱ्याचदा ती तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमधला सर्व्हर पकडते आणि घरातल्या घरात पास करून टाकते. लगेच फास्ट डॉट कॉम लावा, ते नेटफ्लिक्सचं आहे आणि त्यांच्याच सर्व्हरवरून मोजतं. दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली की पुढचं करायचं. (आणि एमबीपीएस मेगाबिटमध्ये असतं आणि आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी (मेगाबाइट) डाउनलोड, यावरून भांडायला जाऊ नका, आमच्या वरच्या काकांनी ते केलंय.)

खरी टेस्ट इथून पुढे आहे. अडकणारा व्हिडिओ, तीच क्वालिटी, पाच मिनिटांच्या आत तीनदा लावायचा: साधा, मग व्हीपीएन (नेटचा रस्ता बदलणारं आणि तुम्ही काय बघता ते कंपनीपासून लपवणारं अ‍ॅप) लावून, मग मोबाईल हॉटस्पॉटवर. हॉटस्पॉटवरही अडकला तर गडबड त्या अ‍ॅपकडेच असायची शक्यता जास्त. व्हीपीएनवर पळाला तर तुमची लाइन ठीक आहे, त्या अ‍ॅपपर्यंतच्या रस्त्यात लोचा आहे, पण तो मुद्दाम केलाय असं यातून सिद्ध होत नाही, इथेच मी फसले. मुद्दाम आहे का हे वेळ सांगते. सकाळी सातला सुरळीत आणि रात्री दहाला रडतंय म्हणजे बहुतेक गर्दी. पण पहाटे, दुपारी, रात्री कधीही लावा आणि ते एकच अ‍ॅप रोज तसंच अडकतंय, तर तिथे कुणीतरी लगाम घातलाय असा संशय घ्यायला जागा आहे.

आठवडाभर वहीत तारीख, वेळ, स्पीडचे दोन्ही आकडे आणि तिन्ही वेळा व्हिडिओ कसा चालला ते लिहा आणि स्क्रीनशॉट ठेवा, वेळ दिसली पाहिजे. मग कंपनीकडे तक्रार करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, मुलगा म्हणेल "ताई मी बघतो", तो बघत नाही. तक्रार न सुटता बंद केली तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, फुकट, आणि त्याला ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर दूरसंचार खात्याचा पीजी (जनतेच्या तक्रारींचा) पोर्टल, ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि अगदी डोकं फिरलं तर ग्राहक आयोग, टेलिकॉमचे दावे तिथे चालतात हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय.

आमचं काय झालं? चौथ्या डॉकेटनंतर एक इंजिनिअर आला, वही बघून जरा गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, त्या अ‍ॅपचा ट्रॅफिक ज्या लिंकवरून येतो ती रात्री फुल होते, वाढवायला मालक पैसे सोडत नाही." म्हणजे भेदभाव नाही, चिक्कूपणा. त्याला कुठलं कलम लावणार? कमिटीने बिल्डरच्या वेळेपासून दुसऱ्या कुठल्या नेट कंपनीला सोसायटीत येऊच दिलं नव्हतं, तोच प्रॉब्लेम होता. मग ३१ घरांच्या सह्या घेऊन जनरल बॉडीत विषय लावला, दुसरी कंपनी बोलावली. तिची केबल डक्टमधून खाली उतरली त्याच आठवड्यात जुन्याने न मागता आमचा ५० चा प्लॅन १०० चा करून टाकला.