आधी वर्षातून १९९० वजा करा

संशोधनाला लागल्यावर पहिलंच काम होतं हवाईतल्या मौना लोआच्या वेधशाळेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या वार्षिक सरासरींवर द्विघाती वक्र (ज्याच्या समीकरणात वर्षाचा वर्गही येतो) बसवायचं. आलेखावर वक्र बिंदूंवरून अगदी नेमका जात होता. पडद्यावरचं समीकरण वहीत उतरवलं, २०२० घालून किंमत काढली, तर ती प्रत्यक्ष नोंदीच्या जवळपासही नव्हती. दोन दिवस मी नोंदींमध्येच चूक शोधत बसले. नोंदी बरोबर होत्या.

गोची समीकरणाच्या छाटलेल्या अंकांत होती. समजा, वर्गपदाचा खरा सहगुणक (वर्षाच्या वर्गाला ज्याने गुणायचं ती संख्या) ०.०१२६८ आहे आणि पडद्यावर ०.०१२७ दिसतोय. फरक फक्त ०.००००२. पण २०२०चा वर्ग ४०,८०,४००, म्हणजे एवढ्याशा फरकाने उत्तर जवळजवळ ८२ पीपीएमने (दर दहा लाख भागांत ८२ भागांनी) हलतं! आलेख काढताना सॉफ्टवेअर पूर्ण अंक वापरतं, म्हणून तिथे काहीच खटकत नाही.

ही चूक तरी डोळ्यांना दिसते. आकडेमोडीच्या आत होणारी झीज दिसत नाही. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणक दशांश संख्या साठवायला सहसा जी ६४ बिटांची रीत वापरतो तिच्यात, १५-१६ सार्थ अंक मावतात. द्विघातीऐवजी पाचव्या घाताचा वक्र बसवायचा, तर २०१९चा पाचवा घात ३.३ × १०^१६च्या वर जातो आणि तिथे शेजारच्या दोन संख्यांमध्ये ४चं अंतर असतं. तो घात संगणकाला जसाच्या तसा साठवताच येत नाही. त्यात सहगुणक काढायला नॉर्मल इक्वेशन्स (लघुतम वर्ग पद्धतीची नेहमीची समीकरणं) सोडवली, तर कंडिशन नंबरचा, म्हणजे छोटी चूक उत्तरात किती पट फुगू शकते ते सांगणाऱ्या संख्येचा, वर्ग होतो: १०^८चा १०^१६, म्हणजे भरवशाचा एकही अंक उरेल याची खात्री नाही. सारणीचे दोन सोपे गुणक पाडून तेच उत्तर काढणाऱ्या क्यूआर पद्धतीत हा वर्ग होत नाही, म्हणून मी तीच वापरते.

तरी पद्धत बदलण्याआधी क्षचा, म्हणजे इथे वर्षांचा, स्तंभ बघा. वर्षातून १९९० वजा करून ३०ने भागलं, की १९६० ते २०२० हा सगळा काळ −१ ते १मध्ये येतो आणि घात फुगत नाहीत. वक्र तोच राहतो. नवीन आलेल्यांना मी सगळ्यात आधी हेच करायला लावते.

आपलं सॉफ्टवेअर कितपत टिकतं हे पाहायचं असेल, तर अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा ‘फिलिप’ नावाचा विदासंच घ्या. ८२ नोंदी, दहाव्या घाताची बहुपदी, आणि पडताळायला प्रमाणित उत्तरं. इथे भले भले प्रोग्राम घसरतात.

एक चूक मात्र पुष्कळांची होते: सहगुणक जपून ठेवतात आणि १९९० व ३० कुठेच लिहीत नाहीत. माझ्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत ‘क्ष = (वर्ष − १९९०) ÷ ३०’ असतं आणि त्याखाली सहगुणक, १७ सार्थ अंकांसकट.