फिक्या पिनोला आधी फ्रिज दाखवा

अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या डंडी हिल्समधल्या ‘आयरी’सारख्या छोट्या वायनरीची पिनो न्वार (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) ग्लासात ओतली, की पाणी घातलंय का असं वाटावं इतकी फिकी दिसते. फसू नका, या द्राक्षाची सालच पातळ! १९७९ साली पॅरिसच्या चाखणीत आयरीची १९७५ची अशीच नाजूक पिनो फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या नामवंत वाइन्सच्या पंगतीत पहिल्या दहांत आली होती.

आपल्याकडच्या उकाड्यात हिच्यात नुसता अल्कोहोल जाणवतो. म्हणून बाटली दीडेक तास फ्रिजमध्ये ठेवा. १३ ते १५ अंश छान. ग्लास मोठ्या पोटाचा घ्या, तिसरा हिस्साच भरा. सोबत झणझणीत मटण नको, बिचारी हरवून जाते. तिकडे सामन मासा खातात. आपण बटरवर परतलेले मशरूम किंवा कमी मसाल्याचा रावस घ्यावा.