मोठी शाळा, छोटी शाळा: हायस्कूल स्पोर्ट्सच्या गटांवर वाद घालताना या चुका टाळा

टेक्सासात दर सम वर्षी फेब्रुवारी लागला की यूआयएल, म्हणजे इथल्या शालेय स्पर्धा चालवणारी संस्था, नवीन रिअलाइनमेंट (शाळांची नव्याने गटवारी) जाहीर करते. कुठली शाळा 5एमध्ये गेली, कुठली 6एमध्ये, कुणाची गाठ कुणाशी, आणि त्या रात्री आमच्या पालकांच्या ग्रुपवर झोप उडालेली असते सगळ्यांची. मी डॅलसच्या उत्तरेला राहते, मुलगी व्हॉलीबॉल खेळते, त्यामुळे या वादात मीही मनापासून भांडलेय आणि बऱ्याचदा चुकीच्या मुद्द्यावर भांडलेय. दोन-तीन रिअलाइनमेंट पाहिल्यावर लक्षात आलं की दर वेळी आपण त्याच त्याच जागी अडकतो.

नवीन आलेल्यांसाठी पटकन सांगते. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि शाळेच्या पटसंख्येवरून सहा गट पडतात. 2024-26 साठीच्या हद्दी अशा होत्या: 105च्या खाली पट असेल तर 1ए, 253पर्यंत 2ए, 544पर्यंत 3ए, 1314पर्यंत 4ए, 2274पर्यंत 5ए आणि त्याच्या वर सगळ्या 6ए. ऑक्टोबरअखेर शाळा आपापला पट कळवतात, त्या आकड्यावर पुढची दोन वर्षं ठरतात.

नुसती वजाबाकी करणं

"त्यांच्याकडे आपल्यापेक्षा शंभर पोरं जास्त आहेत हो!" हे वाक्य दर वेळी येतं. 2300 आणि 2400मध्ये शंभरचा फरक म्हणजे काहीच नाही, तोच 60 आणि 104 पोरांच्या दोन शाळांमध्ये फरक फक्त 44चा पण एक शाळा दुसरीच्या पावणेदोनपट झाली, आणि दोघी एकाच 1एमध्ये. म्हणून वजाबाकी सोडा, भागाकार करा. भागाकार केलात की खरी अडचण कुठे आहे तेही दिसतं, ती सगळ्यात वर आहे कारण 6एला छतच नाही. डॅलसजवळच्या ॲलन हायस्कूलचा पट सहा हजारांच्या वर, आणि 2024-26च्या हद्दींप्रमाणे 2275वाली शाळाही त्याच गटात.

यूआयएलने यावर उपाय काढलाय, तो माहीत नसताना बरेच जण तावातावाने लिहितात. 6ए फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल) एका डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे सीझनभर आपसात खेळणाऱ्या शाळांच्या गटातून, चार टीम प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) जातात, त्यातल्या पटाने मोठ्या दोन डिव्हिजन वनमध्ये आणि छोट्या दोन डिव्हिजन टूमध्ये. 2024-25पासून व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल वगैरेंच्या प्लेऑफमध्येही दोन डिव्हिजन आल्या. म्हणजे सीझनभर एकत्र खेळायचं आणि प्लेऑफला वेगळं व्हायचं. हे पसंत नसेल तर जरूर बोला, पण आधी आहे काय ते वाचून बोला.

सगळ्या खेळांना एकच माप लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते.

फुटबॉलला मैदानात अकरा लागतात, पण अटॅकचे वेगळे, डिफेन्सचे वेगळे, किकिंगचे वेगळे, वर दुखापती, म्हणजे चाळीस-पन्नास पोरं नसली तर सीझन निभवणं अवघड होतं. बास्केटबॉलला पाच. एखाद्या गावात एकाच वर्षी दोन उंच, हुशार पोरी निघाल्या तर 200 पटाची शाळाही मोठ्या शाळेला घाम फोडते. क्रॉस कंट्रीत पोरगं एकटंच धावतं, पण टीमचा स्कोअर पाच जणांच्या नंबरांवर ठरतो. तीन खेळांत पटाचं वजन तीन तऱ्हेचं, आणि आपण फुटबॉलचा राग व्हॉलीबॉलच्या वादात आणतो. केंटकी राज्यात हायस्कूल बास्केटबॉलला आजही गट नाहीत, पूर्ण राज्यात मुलांचा एक चॅम्पियन आणि मुलींचा एक. फुटबॉलला मात्र तिथेही गट आहेतच.

छोट्या शाळेचा फुटबॉल काय असतो हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा तरी 1एची सिक्स-मॅन मॅच बघावी. आम्ही एका शुक्रवारी तीन तास गाडी चालवून गेलो होतो. एका बाजूला सहाच जण, मैदान 80 यार्ड लांब आणि 40 रुंद, नेहमीच्यापेक्षा छोटं, फर्स्ट डाउनला, म्हणजे चेंडू आपल्याकडेच ठेवायला, 10च्या जागी 15 यार्ड पुढे जावं लागतं आणि चेंडू मागे देणाऱ्या सेंटरसकट कुणालाही पास पकडता येतो. बेंचवर मोजून तीन पोरं होती. 22 नंबरचा मुलगा अटॅकला होता, डिफेन्सला होता, किकही तोच मारत होता, आणि हाफटाइमला सगळे पाणी प्यायला गेले तर हा हेल्मेट काढून, खांद्याचे पॅड तसेच ठेवून, बँडबरोबर ट्रम्पेट वाजवायला उभा! त्याची आजी आमच्या शेजारी बसली होती, म्हणाली, तो नसला तर बँडचा आवाजच अर्धा होतो. हा खेळ 1934 साली नेब्रास्कात स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने काढला, छोट्या शाळांना अकरा जण जमत नव्हते म्हणून. गट पाडायच्या ऐवजी त्याने खेळच लहान केला, हा पर्यायसुद्धा असतो हे आपण वादात विसरून जातो.

मायलनची गोष्ट पुरावा म्हणून टाकणं

कुणीतरी टाकतंच. 1954, इंडियाना राज्याची बास्केटबॉल फायनल, 161 पोरांची मायलन शाळा आणि समोर मोठी मन्सी सेंट्रल, शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्पचा शॉट आणि 32-30ने जिंकले. अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण त्यानंतर 1997पर्यंत तिथे सगळ्यांची एकच स्पर्धा होती आणि त्या चाळीसेक वर्षांत इतक्या छोट्या शाळेला ते पुन्हा जमलं नाही. मग 1997-98पासून चार गट झाले. जुन्या पद्धतीत पूर्ण राज्य एका मॅचसाठी थांबायचं, ती मजा गेली असं म्हणणारे तिथे आजही आहेत आणि त्यांचं दुःख खरं आहे, ते उडवून लावू नका. फक्त एका शाळेचा विजय दाखवून "बघा, छोट्यांनाही जमतं" असं म्हणू नका, ज्यांना जमलं नाही त्या शेकडो शाळांची गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून ती ऐकू येत नाही इतकंच.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं"

आपल्या मंडळींचा लाडका मुद्दा. बरोबर आहे, महाराष्ट्रात शालेय स्पर्धा वयाने होतात, 14, 17 आणि 19 वर्षांखालील, आधी तालुका मग जिल्हा, विभाग, राज्य. शाळेत पोरं किती हे कुणी विचारत नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतली टीम तालुक्याला जाऊन शहरातल्या कोच ठेवलेल्या शाळेकडून पहिल्याच फेरीत हरून दुपारच्या एसटीने परत यायची, हेही आठवा ना. वयाने गट पाडले की वयाचा अन्याय जातो, साधनांचा राहतो. इथे साइझने पाडले की साइझचा जातो आणि पैशाचा राहतो, म्हणून मिनेसोटात पट मोजताना मोफत किंवा सवलतीच्या दरात लंच मिळणाऱ्या मुलांचा काही हिस्सा वजा करतात, गरीब शाळेचा आकडा त्यामुळे खाली येतो. मला ही युक्ती फार आवडते.

दुसऱ्या राज्याचं भांडण इथे आणणं

यावर थोडक्यात. इलिनॉयमध्ये प्रायव्हेट शाळांचा पट 1.65ने गुणतात, कारण त्या शाळा कुठूनही पोरं घेऊ शकतात. टेक्सासात बहुतेक प्रायव्हेट शाळा यूआयएलमध्ये नाहीतच, त्यांची टॅप्स ही वेगळी संघटना आहे. तेव्हा शिकागोच्या मावसभावाचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी आपल्याकडे तो प्रश्न आहे का ते बघा.

फक्त "कोण जिंकेल" विचारणं

सगळा वाद ट्रॉफीभोवती फिरतो आणि खेळायला किती जणांना मिळतं हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की हा प्रश्न पहिला यायला हवा.

शेजारशेजारची दोन गावं घ्या. ॲलनने गावात एकच मोठं हायस्कूल ठेवलं, 18 हजार सीटचं स्टेडियम बांधलं. फ्रिस्कोने ठरवून शाळा मध्यम ठेवल्या, एकेक करत 12 हायस्कूलं झाली आणि त्यातल्या बऱ्याचशा 5एमध्ये खेळतात. आता व्हॉलीबॉलचं गणित करा. एका व्हर्सिटी टीमला, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमला, साधारण 12 ते 15 मुली. एका शाळेत एक व्हर्सिटी, 12 शाळांत 12. ॲलनसारख्या शाळेत ट्रायआउटला (निवड चाचणीला) आलेली, चांगली खेळणारी, फक्त दोन इंच कमी उंचीची मुलगी घरी जाते, तीच मुलगी मध्यम शाळेत कदाचित कॅप्टन झाली असती. मोठ्या शाळेचे फायदे आहेत, कोच चांगले, बँड मोठा, पूर्ण गाव एका टीममागे उभं राहतं, ते मी नाकारत नाही. पण "मोठ्या शाळेला ॲडव्हांटेज" म्हणताना लक्षात ठेवा, तो टीमला आहे, त्या शाळेतल्या प्रत्येक पोराला नाही. माझ्या मुलीच्या मैत्रिणीला लागोपाठ दोन वर्षं कट केलं, तिसऱ्या वर्षी ती ट्रायआउटला गेलीच नाही. असं कुणाचं झालं असेल तर वादात आधी तिच्याबद्दल बोला.

अंतर विसरणं

"अजून गट वाढवा, सातवा करा, आठवा करा" म्हणणाऱ्यांनी टेक्सासचा नकाशा उघडून बघावा. गट वाढले की एका गटात शाळा कमी होतात, आणि शाळा कमी झाल्या की जवळची प्रतिस्पर्धी शाळा दुसऱ्या गटात जाते. डॅलसच्या आसपास काही वाटत नाही, वीस मिनिटांवर दुसरी शाळा असते. पश्चिमेकडे लबक, ॲमरिलो, मिडलंडच्या बाजूला मात्र आपल्या गटातली शाळा दीड-दोन तासांवर असू शकते. व्हॉलीबॉलच्या मॅच मंगळवारीही असतात. साडेसहाला व्हर्सिटी सुरू, पाच सेट गेले तर साडेआठ, आवरून बस निघायला नऊ, घरी यायला अकरा, आणि बुधवारी सकाळी केमिस्ट्रीची टेस्ट. नवीन गट सुचवायचा असेल तर आधी त्या भागातल्या पाच शाळा नकाशावर टाका, गाडीचे तास लिहा, आणि मग ग्रुपवर पाठवा.