जुन्या कॅम्पर व्हॅनला करंट येत नसेल तेव्हा

जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये झोपायची फळी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून ज्यांनी तिचे फिरते घर केले आहे, त्यांची गाडी पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर बंद पडली, तर जवळ मिस्त्री मिळेलच असे नाही. अशा वेळी आधी प्लग, मग कॉइल (बॅटरीच्या करंटचा दाब ठिणगीजोगा वाढवणारे वेटोळे), मग सगळा डिस्ट्रिब्यूटर (तो करंट क्रमाने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) बदलत सुटणे खर्चिक तर आहेच, शिवाय मूळ दोष त्यात झाकला जातो. बॅटरीपासून किल्ली, कॉइल, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), डिस्ट्रिब्यूटरची कॅप म्हणजे झाकण, तिच्याखाली फिरणारा रोटर आणि उच्च दाबाच्या म्हणजे हाय टेन्शन वायरींतून करंट ज्या वाटेने प्लगपर्यंत जातो, त्याच वाटेने तपासणी करावी. पुढील पद्धत पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यात उडणारी ठिणगी शोषणारा भाग) असलेल्या इंजिनासाठी आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये हाय टेन्शन वायर अर्थ न करता, म्हणजे गाडीच्या धातूला न जोडता, लोंबती ठेवून सेल्फ मारल्यास मॉड्यूल जळू शकतो, म्हणून तेथे हे प्रयोग करू नयेत.

गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक लावावा आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून दारे उघडावीत. या व्हॅनमध्ये इंजिन बहुधा सीटखाली असते, त्यामुळे गळलेला गॅस आणि ठिणगी एकाच जागी येण्याचा धोका साध्या मोटारीपेक्षा अधिक असतो. पेट्रोलचा वास येत असेल, तर तो जाईपर्यंत किल्लीला हात लावू नये.

कॅम्परमध्ये रात्रभर दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप चालतो, त्यामुळे पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर इंजिन फिरते पण कॉइलला पुरेसा विद्युतदाब उरत नाही आणि ठिणगी लुळी पडते. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टीही पाहावी, कारण गाडी सजवताना तिच्यावर रंग चढलेला किंवा तिचा बोल्ट सैल राहिलेला असणे नवलाचे नाही.

आता कॉइलची मधली वायर कॅपमधून काढून, इन्सुलेशन असलेल्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी पडली, तर कॉइलपर्यंतचे सर्व ठीक आहे. दोष कॅप, रोटर, वायरी, प्लग किंवा पेट्रोलमध्ये शोधावा. ठिणगी पिवळट पडली किंवा पडलीच नाही, तर कॉइलचे निगेटिव्ह टोक आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प (दोन वायरींचा छोटा १२ व्होल्टचा दिवा) लावावा. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला, तर पॉइंट उघडझाप करत आहेत. तो सतत लागून राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांचा अर्थ तुटला आहे; लागलाच नाही, तर एकतर किल्लीकडून करंट येत नाही, किंवा पॉइंट उघडत नाहीत, किंवा वायर कोठेतरी अर्थ झाली आहे.

पॉइंटकडे नीट वेळ द्यावा, कारण अनुभवी मिस्त्रीही येथेच घाई करतात. एका टोकावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसला, तर कंडेन्सर संशयित आहे, आणि तो न बदलता केवळ पॉइंट घासले तर तोच त्रास पुन्हा होतो. घासायला बारीक कानस वापरावी. पॉलिश पेपरचे कण धातूत रुततात. पॉइंटचा पाय कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कोनदार दांड्याच्या) उंच टोकावर आणून फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने, फट लावावी. ती साधारण ०.४ मिलिमीटर असते, मात्र आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. फट वाढली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे सरकते (ठिणगी लवकर पडते), म्हणून त्यानंतर टायमिंग तपासणे भागच आहे.

मुसळधार पावसात मिसिंग, म्हणजे इंजिनाचे अडखळणे, सुरू झाले, तर कॅप उघडून आतून पाहावे. दमट कॅप कोरड्या फडक्याने पुसून काम भागते, पण दोन टोकांमध्ये केसाएवढी काळी रेघ उमटली असेल, तर करंटला आयती आडवाट मिळालेली असते आणि ती कॅप बदलावीच लागते. वायरींची गळती अंधारात इंजिन चालू ठेवले की निळसर चमकांनी उघडी पडते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुटे भाग शोधताना जुनी कॅप आणि रोटर नमुन्यादाखल सोबत न्यावेत, कारण एकाच मॉडेलच्या गाड्यांतही डिस्ट्रिब्यूटर वेगवेगळे निघतात.

घाट चढून थांबल्यावर गाडी सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते, ही तक्रार कॉइल तापल्यामुळेही येते आणि पेट्रोलची वाफ अडकल्यामुळेही येते. इंजिन गरम असतानाच ठिणगी पाहिली, तर निकाल लगेच लागतो: ठिणगी नसेल तर संशय कॉइलवर, चांगली असेल तर पेट्रोलवर. गार झाल्यावर केलेली तपासणी येथे कुचकामी आहे. सेल्फ मारताना इंजिन सुरू होऊन किल्ली सोडताच बंद पडत असेल, तर बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट मर्यादित ठेवणारा रोध) तुटला आहे का, हे आधी पाहावे. काही गाड्यांत सेल्फ चालू असताना करंट त्याला वळसा घालून थेट कॉइलला जातो आणि किल्ली सोडल्यावर त्याच्यातूनच जातो. तो काढून टाकून कॉइलला सरळ १२ व्होल्ट जोडण्याचा जुगाड घरी पोहोचेपर्यंत चालतो, पण तसाच ठेवला तर कॉइल आणि पॉइंट दोन्ही जळतात.