‘परीक्षा आली की बघू’: दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

जूनमध्ये प्रवेश होतो, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स फाईलला लागते आणि पुढची हालचाल होते ती थेट ऑक्टोबरात, परीक्षेचं वेळापत्रक लागल्यावर. गोव्यातल्या कॉलेजांत हे मी इतकी वर्षं बघतोय की आता चीड येते. मधल्या चार महिन्यांत त्या मुलाला काय दिसतं, काय ऐकू येतं, त्याचं कुठे अडतं, हे कुणी विचारलेलंच नसतं.

सगळ्यात महागात पडते ती लेखनिकाची, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहिणाऱ्या माणसाच्या निवडीची चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी बी.ए.ला होती, पूर्ण दृष्टिहीन. लेखनिक शोधायचं काम माझ्याकडे होतं. मी आदल्या दिवशी धावाधाव केली आणि अकरावीतला एक गुणी मुलगा मिळाला. इंग्रजीचा पेपर सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी मराठीचा. मुलगा इंग्रजी माध्यमातला, घरी कोकणी; देवनागरी लिहायचा, पण अडखळत. ती म्हणाली ‘स्वातंत्र्योत्तर’, आणि त्याचा पेन थांबला. ती एकेक अक्षर फोडून सांगायला लागली, तोवर जुळवलेलं पुढचं वाक्य निसटून गेलं. तीन तास हेच चाललं. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘सर, उत्तरं येत होती.’

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यावरचा उपाय लिहिलेलाच आहे. लेखनिक योग्य आहे की नाही हे पारखायला विद्यार्थ्याला परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटता आलं पाहिजे. वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषेच्या, वेगळा लेखनिक घेता येतो. मी त्या सूचना त्या पेपरानंतर वाचल्या. आता ऑगस्टमध्येच नावं पक्की करतो, एक जादा धरून. दोघांना रिकाम्या वर्गात बसवतो आणि जुन्या पेपरातलं एक उत्तर विद्यार्थ्याला सांगायला, लेखनिकाला लिहायला लावतो. पंधरा मिनिटांत जमतंय की नाही ते कळतं. ‘मिळेल हो कुणीतरी ऐनवेळी’ असं नवीन सहकारी म्हणाले की मी त्यांना ही तालीम बघायला बसवतो.

जादा वेळ ही मेहेरबानी नाही. तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास जादा. पर्यवेक्षकाला ते आधी लेखी द्या. भर वर्गात ‘तुला वेळ हवाय का?’ असं विचारायला लावू नका.

प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व नाही म्हणून परत पाठवू नका. लिहिण्यात खरी अडचण असेल तर ४० टक्क्यांखालीही लेखनिक मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आणि २०२२ मध्ये त्यासाठी वेगळ्या सूचनाही आल्या.

डिस्लेक्सियाला आळस म्हणू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो.

आता नोट्स. ‘मी सगळं व्हॉट्सॲपवर टाकलंय’ म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, लावावा, मॉनिटर बंद करावा आणि आपल्याच नोट्स ऐकाव्यात. मोबाईलवर काढलेल्या फोटोंची पीडीएफ असेल तर काहीच ऐकू येत नाही. मराठी जुन्या फॉण्टात टाइप केलं असेल तर त्याहून वाईट. कृतिदेव या जुन्या फॉण्टातला ‘भारत’ हा शब्द आपल्याला नीट दिसतो, पण फाईलच्या आत इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडरला मिळतं ते एच, के, के, जे, आर. पानंच्या पानं असली! आमच्या एका विद्यार्थ्याने महिनाभर हे ऐकलं आणि आपलाच लॅपटॉप बिघडलाय असं समजून गप्प बसला.

माझी सवय सांगतो. फाईल पाठवण्याआधी मजकूर निवडून फॉण्ट एरियल करायचा. मराठी मराठीच राहिलं तर ते युनिकोड आहे, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येणारी खरी देवनागरी अक्षरं; इंग्रजी अक्षरांचा खिचडा झाला तर नाही. तसं झालं तर जुन्या फॉण्टाचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढायचं आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासायचे, कारण कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो. कंटाळवाणं काम आहे. पण शॉर्टकट मारला की तो भार त्या मुलावर पडतो.

श्रवणयंत्र लावलं म्हणजे सगळं ऐकू येतं असं धरून चालू नका. जुलैत पत्र्यांवर पाऊस कोसळतो तेव्हा यंत्र आवाज वाढवतं तो पावसाचाही. फळ्याकडे तोंड करून बोललात तर ओठही दिसत नाहीत. लिहा, वळा, मग बोला. पावसाळ्यात रॅम्पवर शेवाळ धरतं, तेही दर आठवड्याला घासून घ्या.

आणि पहिल्या भेटीत ‘तुला काय प्रॉब्लेम आहे?’ असं विचारू नका. ‘बारावीपर्यंत तू कसं जमवलंस?’ असं विचारा. गेल्या जूनमध्ये अल्पदृष्टी असलेल्या पेडण्याच्या एका मुलाला हेच विचारलं. तो लगेच म्हणाला, ‘सर, मला दुसऱ्या बाकावर बसवा, आणि फळ्यावर उजेड पडतो ती खिडकी तेवढी बंद ठेवा.’ त्याच दुपारी शिपायाने त्या खिडकीला जाड पडदा लावला.